त्रेचाळीसवरून चाळीसवर

आमच्या मुलीचं गाणं पंचावन्नाव्या क्रमांकावरून त्रेचाळिसाव्या क्रमांकावर आलं, त्या दिवशी मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "होतं असं कधी कधी. बाराच तर कमी झालेत. पुढच्या आठवड्यात भरून काढशील."

ती दाराशी बूट काढत होती. एक बूट पायात, एक हातात, अशा अवस्थेत ती माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, ते वर गेलंय."

"पंचावन्नवरून त्रेचाळीस म्हणजे वर?"

"हो."

"आणि उद्या साठ झाले तर?"

"तर खाली."

एवढं बोलून ती दुसरा बूट काढायला विसरून आत निघून गेली. मी तिथेच उभा. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. सव्वीस वर्षं मी दुकानादुकानांतून तराजू तपासतो, पितळी वजनं पुसून पेटीत ठेवतो, आणि एखाद्याचा किलो नऊशे ऐंशी ग्रॅमचा निघाला तर त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पावती फाडतो. जगाबद्दल मला फारसं कळतं असं हीसुद्धा म्हणत नाही. पण जास्त म्हणजे जास्त आणि कमी म्हणजे कमी, एवढं एक माझं पक्कं होतं. त्या संध्याकाळी तेही गेलं.

मुलीच्या बँडचं नाव 'तिरकी खुर्ची'. त्यात चार जण आहेत, आणि मुलगी त्यात गाते आणि जाड तारांची गिटार वाजवते. हे लोक जे वाजवतात त्याला 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी. कशाला पर्यायी, हे मी तिला दोनदा विचारलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "सगळ्यालाच." दुसऱ्यांदा ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "नोकरीला." त्यानंतर मी विचारलं नाही.

गाण्याचं नाव 'घरी कोणी नाही'. ते एकटंच प्रसिद्ध झालं, म्हणून त्याला 'सिंगल' म्हणायचं. ही गोष्ट मी तळमजल्यावरच्या मावशींना जिन्यात सांगितली. मावशी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवतात, आणि सगळ्या इमारतीच्या मावशी आहेत. मी म्हणालो, "मावशी, मुलीचं सिंगल आलंय." त्यांनी माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आम्हाला ठाऊकच आहे हो ती सिंगल आहे. काळजी करू नका. वय काय तिचं, चोवीस ना?"

अशा परिस्थितीत माणसाने गप्प बसावं. पण माझा स्वभाव असा की, समोरच्याचा गैरसमज हा मला कमी भरलेल्या वजनासारखा टोचतो. मी मावशींना सिंगल म्हणजे काय ते समजावलं, मग लोकप्रिय गाण्यांची यादी म्हणजे काय ते समजावलं, मग कमी आकडा म्हणजे वर हे समजावलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर भाजी घेऊन वर निघाले होते, ते थांबले. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेत आणि इमारतीचे अध्यक्ष आहेत. त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली.

"म्हणजे समुद्रसपाटीखालची खोली मोजतात तसं," मास्तर म्हणाले.

"तसं नाही."

"मग परीक्षेतल्या नंबरासारखं. पहिला नंबर सगळ्यात वर."

हे ऐकून मी जरासा ओशाळलो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे मला सुचायला हवं होतं. पण मास्तर तिथे थांबणाऱ्यांतले नव्हते. "आणि त्रेचाळिसावा म्हणजे काही बोर्डावर नाव लागत नाही," ते म्हणाले. "बोर्डावर किती लावतात?"

"चाळीस. दर शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर वरची चाळीस वाचतात."

"म्हणजे तीन नंबरांसाठी पोरीचं नाव राहिलं?" मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज असा लागला, की जणू बस चुकली आणि पुढची बस नाहीच.

माझा अपराध तिथे सुरू झाला. कारण मीच म्हणालो, "तीनच तर आहेत."

---

यादी कशी करतात हे मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं. नियम एकवीस पानांचे होते. कुठल्याही फोनवर गाणं तीस सेकंदांच्या वर वाजलं की ते एक 'श्रवण' धरतात. आठवड्याची सगळी श्रवणं मोजतात आणि ज्याची जास्त, त्याचा आकडा कमी. माझ्या मनाला त्या मोजणीत एकच गोष्ट खटकली. फोन वाजला हे त्यांना कळतं, पण माणसाने ऐकलं का, हे कोण तपासतं? तराजूत माल आहे की दगड, हे न बघता काटा वाचल्यासारखं हे झालं. मी पेन्सिलीने समासात तसा शेराही मारला. मग त्याच पळवाटेतून मी स्वतः आत शिरलो, हे मला नंतर फार बोचलं. पण त्या वेळी बोचलं नाही. त्या वेळी मी मनाशी म्हणालो, मी काही कुणाच्या मालाचं वजन वाढवत नाहीये. मी फक्त ऐकतोय. तेही न ऐकता.

न ऐकता, कारण तो आवाज मला सोसत नाही. खोटं कशाला बोलू? प्रसिद्ध झालं त्या दिवशी मुलीने ते गाणं घरात लावलं होतं. पहिले वीस सेकंद कोणीतरी लोखंडी कपाट जिन्यावरून ओढत नेत आहे असं वाटलं, आणि नेमका तेव्हाच मला एक महत्त्वाचा फोन करायचा आठवला. तो मी गॅलरीत जाऊन केला. परत आलो तेव्हा गाणं संपलं होतं आणि मी "छान" म्हणालो. तिनेही "थँक्स" म्हटलं. दोघांनीही व्यवहार पूर्ण झाला असं धरलं.

तर मी असं केलं. माझा जुना फोन आणि हिचा जुना, काच तडकलेला फोन, असे दोन शोधून काढले. दोन्ही कपाटात, टॉवेलांच्या घडीखाली, चार्जरला लावून ठेवले. आवाज शून्यावर. गाणं संपलं की पुन्हा तेच, अशी सोय करून मी सोमवारी सकाळी ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा एकेका फोनवर एकशे वीस श्रवणं झाली होती. मला सरकारी नोकरीत इतक्या शांतपणे इतकं काम झालेलं आठवत नाही.

इतर मंडळींना मात्र मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की "जमेल तसं ऐका." आमच्या इमारतीत एक वाईट खोड आहे. इथे जमेल तसं कोणी काही करत नाही.

मास्तरांनी ते गाणं सकाळच्या व्यायामाला लावलं. त्यांच्या मते त्यातली ढोलाची लय गुडघ्यांसाठी उत्तम होती. गॅलरीत मोठा स्पीकर ठेवून ते साडेसहापासून हातपाय हलवत. दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी ते दवाखान्यात लावलं. त्यांचं म्हणणं असं, की तोंड उघडं ठेवून बसलेला माणूस तक्रार करू शकत नाही, आणि शिवाय त्या गाण्यापुढे त्यांच्या यंत्राचा आवाज सौम्य वाटतो. मावशींनी ते शिवणयंत्राशेजारी लावलं. त्यांचा पाय गाण्याच्या ठेक्यावर चालू लागला. ठेका संथ असे तोवर टीप सरळ पडे. मधेच गाणं पिसाळलं की मावशींचं यंत्रही पिसाळे. एका शाळेच्या सभागृहाचे सोळा पडदे असे शिवले गेले, की वरची दोन हात टीप शांत आणि खालची गर्दीतून पळत सुटल्यासारखी. पडदे नेताना शाळेच्या कारकुनाने विचारलं, ही फॅशन आहे का? मावशी ठणकावून म्हणाल्या, "अल्टरनेटिव्ह आहे."

आता गाण्याचे शब्द असे होते:

दार वाजव, बेल वाजव, घरी कोणी नाही
आत पंखा फिरतो आहे, घरी कोणी नाही

हे शब्द मुलगी आणि तिचे तीन मित्र मिळून, घसा फाटेपर्यंत ओरडून म्हणतात. इमारतीच्या चारही मजल्यांवरून दिवसभर हा एकच निरोप जाऊ लागला, तेव्हा त्याचे जे परिणाम व्हायचे ते झाले. कुरिअरवाल्याने मंगळवारी सात पाकिटं परत नेली. त्यात माझा नवा चष्मा होता. मी कुरिअरच्या ऑफिसात भांडायला गेलो तर खिडकीतल्या माणसाने नोंद दाखवली: 'बेल वाजवली. आतून घरी कोणी नसल्याचं सांगण्यात आलं.'

"असं आतून कोणी सांगेल का?" मी म्हणालो.

"आम्हाला पण तेच नवल वाटलं," तो म्हणाला. "पण चार जण एका सुरात सांगत होते. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?"

चष्मा मिळवायला तीन अर्ज लागले. मधल्या काळात मी जुन्या चष्म्याने काम केलं आणि एका दुकानदाराचा चांगला दोन किलोचा काटा नापास केला. त्याने साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी मला बोलावून, माझी सव्वीस वर्षांची सेवा, माझं नाव, माझा दरारा वगैरे सगळं उगाळून, शेवटी विचारलं, "घरी काही आहे का?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "घरी कोणी नाही." साहेब माझ्याकडे फार सहानुभूतीने बघू लागले. त्यांनी मला पाणी दिलं. बाहेर ही गोष्ट सगळ्यांत पसरली, आणि दोन दिवस ऑफिसातले लोक माझ्याशी दबक्या आवाजात बोलत होते.

बुधवारी विजेचं मीटर बघणाऱ्याने आठही घरांच्या पुढे 'बंद' लिहिलं. गुरुवारी हिने कपाट उघडलं आणि किंचाळली. टॉवेलांच्या घडीतून धूर येत होता. तडकलेला फोन इतका तापला होता, की वरचे दोन टॉवेल तपकिरी होऊन त्यांवर फोनचा चौकोन उमटला होता.

"अहो, हे काय आहे?"

"श्रवण," मी म्हणालो.

हिने तो फोन चिमट्याने उचलून मोरीत ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "तुम्ही ऐकत होता ना? मी रोज ऐकते. भांडी घासताना. मला वाटलं तुम्हीसुद्धा ऑफिसात ऐकत असाल." मी म्हणालो, "ऐकतोच आहे की, दोन-दोन फोनांवर." फोन गार झाल्यावर मी तो परत लावला, या वेळी बशीत ठेवून.

---

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे मावशींच्या खोलीत रेडिओसमोर बसलो. मुलगी तालमीला गेली होती. तिला आम्ही यातलं काहीही सांगितलं नव्हतं. निवेदकाने चाळिसाव्यापासून सुरुवात केली. चाळिसावं दुसरंच कुठलं तरी. एकोणचाळिसावं, अडतिसावं, तेही नाही. मावशी म्हणाल्या, "गेलं बाई." मास्तर म्हणाले, "थांबा, वर गेलं असेल." असं करत करत निवेदक एकविसाव्यापर्यंत गेला. मग तो म्हणाला, "विसाव्या क्रमांकाचा निकाल या आठवड्यापुरता राखून ठेवण्यात आला आहे."

आम्हाला काहीच कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, "राखून ठेवलंय म्हणजे आपल्यासाठीच असेल." त्यांच्या मते ही मानाची जागा होती. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तासाभराने मुलगी घरी आली. तिच्या हातात छापलेलं पत्र होतं. तिने ते जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलं आणि खुर्ची न ओढता उभी राहिली.

पत्र यादी काढणाऱ्या कार्यालयाचं होतं. विषय: अनियमित श्रवण. आपल्या गाण्याची या आठवड्यातली श्रवणं एकाच इमारतीच्या इंटरनेट जोडणीवरून प्रचंड संख्येने आलेली आढळली आहेत. ती बनावट असल्याचं सिद्ध झाल्यास गाणं यादीतून कायमचं वगळण्यात येईल आणि बँडला दोन वर्षं यादीत प्रवेश मिळणार नाही. तपासनीस सोमवारी प्रत्यक्ष येतील. सोबत नमुना अर्ज. प्रत्येक श्रोत्याने वेगळा भरावा.

"कोणी केलं हे?" तिने विचारलं.

मी चष्मा पुसला. जुना होता, पुसून काही फरक पडत नव्हता. "सगळ्यांनी मिळून," मी म्हणालो. "थोडी मदत."

"आम्ही दोन वर्षं मेहनत केली बाबा. त्रेचाळिसावं आमचं होतं. खरंखुरं होतं." तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "तुम्ही दुकानदारांना ज्याच्यासाठी दंड करता, तेच केलंत. तराजूवर बोट ठेवलंत."

एवढं बोलून ती आत गेली. आमच्या घरात बोलणं बंद करायची एक पद्धत आहे. जेवायला बसायचं, भाजी पुढे सरकवायची, पण नजर ताटाबाहेर काढायची नाही. शनिवार-रविवार ती पद्धत चालली. मी आयुष्यात शेकडो दुकानदारांना नोटिसा दिल्या. नोटीस हातात घेऊन माणूस घरी जातो तेव्हा पुढे काय होतं, याचा विचार मी कधीच केला नव्हता.

रविवारी दुपारी मास्तरांनी सगळ्यांना अर्ज वाटले. अर्जात एक रकाना होता, 'श्रवणाचा हेतू'. मास्तरांनी लिहिलं, 'गुडघे.' डॉक्टरांनी लिहिलं, 'रुग्णसेवा.' मावशींनी आधी 'पडदे' लिहिलं, मग खोडून 'एकटीला बरं वाटतं' असं लिहिलं आणि अर्जाची घडी घातली. हिने काय लिहिलं ते तिने मला दाखवलं नाही. मी अर्धा तास पेन धरून बसलो आणि शेवटी 'कौटुंबिक' एवढंच लिहिलं.

---

तपासनीस म्हणून आली ती एक तिशीची, सडपातळ, अतिशय नीटनेटकी बाई. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, हातात फाईल, फाईलला लाल नाडी. तिने इमारतीची बेल वाजवली, आणि तिसऱ्या मजल्यावरून मास्तरांच्या स्पीकरने तिला कळवलं की घरी कोणी नाही. ती हलली नाही. तिने घड्याळ बघून वेळ लिहून घेतली. मला ती तिथेच आवडली. खरा निरीक्षक सांगोवांगीवर परत फिरत नाही.

सगळ्यांना मावशींच्या खोलीत बसवलं. मुलगीही आली होती. ती दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. मावशींनी कापडाचे तागे बाजूला करून तपासनीस बाईंना शिवणयंत्रासमोरचं स्टूल दिलं. त्यांनी यंत्राच्या टेबलावर फाईल उघडली.

"माझं काम सोपं आहे," त्या म्हणाल्या. "ही श्रवणं माणसांनी केलीत की यंत्रांनी, एवढंच बघायचंय. ज्याने खरंच ऐकलंय, त्याला विचारलेलं सांगता येईल. आजोबा, तुम्ही. दुसऱ्या कडव्यानंतर काय येतं?"

मास्तर विद्यार्थ्यासारखे उठून उभे राहिले. "काही नाही," ते म्हणाले.

"नीट आठवा."

"आठवून सांगतोय. काहीच येत नाही. चार सेकंद सगळं बंद. मी तेव्हा एका पायावर असतो, म्हणून मला माहीत आहे. तोल सांभाळावा लागतो."

"मी पायडल थांबवते," मावशी म्हणाल्या.

"मी तेव्हा चूळ भरायला सांगतो," डॉक्टर म्हणाले.

"आणि मग ती हळूच विचारते," ही म्हणाली. माझी बायको, जी मला विचारल्याशिवाय परक्या माणसासमोर सहसा बोलत नाही, ती म्हणाली, "इतका वेळ ओरडत असते ना घरी कोणी नाही म्हणून? त्या चार सेकंदांनंतर ती अगदी हळू म्हणते, 'आहे का?' एवढंच. मग परत वाद्यं."

तपासनीस बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणून दाखवाल?"

आणि मग माझ्या डोळ्यांसमोर जे झालं ते मला आजही नीट लावता येत नाही. मास्तरांनी मांडीवर थाप मारून सुरुवात केली. मावशींनी यंत्राच्या चाकावर हात ठेवून ठेका धरला. डॉक्टर तोंडाने जाड गिटार वाजवू लागले. ज्या माणसाला मी दहा वर्षांत 'आ करा'पलीकडे सूर काढताना ऐकलं नव्हतं, तो मान हलवत होता. ही गात होती. सगळे मिळून 'घरी कोणी नाही, घरी कोणी नाही' म्हणत वर चढले आणि एकदम थांबले. खोलीत चार सेकंद टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि मावशींच्या खोलीत टाचण्या होत्याही भरपूर. मग सगळे एकदम, हळूच: "आहे का?"

मी दाराकडे पाहिलं. मुलीने हाताची घडी सोडली होती. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती.

तपासनीस बाईंनी काहीतरी लिहिलं, पान उलटलं आणि माझ्याकडे वळल्या.

"आता तुम्ही. तुमच्या घरातून दोन फोनांवर अकराशे चाळीस श्रवणं झाली आहेत. या इमारतीत सर्वांत जास्त. तिसरं कडवं कसं सुरू होतं?"

मी विचार केला. सव्वीस वर्षं मी लोकांना असे प्रश्न विचारले आहेत आणि मला माहीत आहे, की ज्याच्यापाशी उत्तर नसतं तो तर्क लढवतो. मी तर्क लढवला. "पहिल्यासारखंच," मी म्हणालो. "दार वाजव."

"तिसरं कडवं नाहीच," मावशी कुजबुजल्या. उशीर झाला होता.

तपासनीस बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. अकराशे चाळीस ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच नोंद: आवाज शून्य.

"बाबा," मुलगी दारातून म्हणाली. "एकदाही नाही?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे, तर वर्गातल्या ढ मुलाकडे हुशार मुलं बघतात तसे. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

तपासनीस बाई निघाल्या तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. म्हणालो, "मीही तुमच्याच क्षेत्रातला. वजनमापे."

"हो का?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, अगदी सौजन्याने, "मग तुम्हाला समजेलच," असं म्हणून त्यांनी बनावट श्रवणांची पावती फाडून माझ्या हातात दिली. तशी पावती घ्यायला हात कसा पुढे करायचा, तेही मला कळलं नाही.

---

निकालाचं पत्र गुरुवारी आलं. सदर इमारतीतील रहिवाशांची श्रवणं प्रत्यक्ष पडताळणीअंती खरी आढळली असून ती ग्राह्य धरण्यात येत आहेत. श्रोता क्रमांक चार यांची अकराशे चाळीस श्रवणं वगळण्यात येत आहेत. ती वगळता गाण्याचा क्रमांक: चाळीस.

म्हणजे माझी सगळी खटपट, दोन टॉवेल, चष्मा, साहेबांची सहानुभूती, हे सगळं वजा करूनसुद्धा ते चाळिसावं आलं. शुक्रवारी निवेदकाने गाण्याचं आणि बँडचं नाव वाचलं, नाव वाचताना तो 'तिरकी खुर्ची' असं जरा अडखळून म्हणाला, आणि मावशींच्या खोलीत एवढा दंगा झाला की पुढची पाच-सहा गाणी कोणालाच ऐकू आली नाहीत. बँडची बाकीची तीन पोरं आली होती. उंच, केस वाढवलेली, फार सभ्य पोरं. त्यांनी मास्तरांच्या पाया पडण्याऐवजी त्यांना मिठी मारली आणि मास्तर दोन पावलं मागे गेले. मला कोणी काही म्हणालं नाही. सगळेच माझ्याशी चांगलं वागत होते. ते जास्त अवघड असतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दुपारी मुलगी गॅलरीत गिटारीची तार बदलत बसली होती. मी जाऊन तिच्यासमोर वेताचं स्टूल ओढलं.

"लाव," मी म्हणालो.

तिने मान वर करून बघितलं. मग स्वतःच्या कानांवरची ती मोठी वाटीसारखी यंत्रं माझ्या कानांवर घातली आणि गाणं लावलं.

लोखंडी कपाट जिन्यावरून जायला लागलं. मी उठलो नाही. थोड्या वेळाने ते कपाट कुठेतरी पोचलं आणि खालून एक जाड, संथ आवाज येऊ लागला. तिच्याच गिटारीचा, हे मला तिची ठेक्यावर हलणारी बोटं बघून कळलं. मग शब्द. मग ते सगळे ओरडू लागले. मग ते चार सेकंद. मला वाटलं फोन बंद पडला, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर तिने बोट वर करून मला थांबायला सांगितलं. आणि मग अगदी कानात, ती चोवीस वर्षांची आहे असं मुळीच न वाटणाऱ्या आवाजात तिने विचारलं, आहे का?

गाणं संपलं. मी ती यंत्रं काढून मांडीवर ठेवली.

"मला नीट कळलं नाही," मी म्हणालो. मला खरंच कळलं नव्हतं. "घरी कोणी नाही, तर आत पंखा कसा फिरतोय?"

"चालू राहिला होता," ती तार पिळत म्हणाली. "पाचवीत होते. आई आजीकडे गेली होती, आणि तुम्ही संध्याकाळी लवकर येणार होतात. माझ्याकडे किल्ली नव्हती. खिडकीतून पंखा फिरताना दिसत होता, म्हणून मला वाटलं तुम्ही आत आहात. मी बेल वाजवत राहिले. मग पायरीवर बसले. अंधार पडेपर्यंत."

"मी कुठे होतो?"

"तपासणीला गेला होतात. कुठल्याशा बाजारात. आल्यावर म्हणालात, सगळ्या बाजाराची वजनं खोटी निघाली. खूश होतात."

मला तो बाजार आठवला. एकूण एकतीस काटे, सत्तावीस नापास. ते सगळं आठवलं, आणि पायरी काही केल्या आठवेना.

"मग हे तू मला सांगायचंस की," मी म्हणालो. "इतक्या वर्षांत एकदा तरी."

तिने तार ताणून बसवली, बोटाने एकदा छेडून बघितली, आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात राग किती आणि माया किती, हे मोजायचं माप आमच्या खात्यात नाही.

"सांगितलं की बाबा," ती म्हणाली. "अकराशे चाळीस वेळा."

मी ती यंत्रं पुन्हा कानांवर चढवली. कुठलं बटण दाबायचं ते मला सापडेना, तेव्हा तिनेच हात पुढे करून आवाज वाढवला.